डाल्टन हायवेला हिवाळ्यात पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी

अरे अलास्कातल्या या हायवेवर कोल्डफूट हे ठिकाण सोडलं की डेडहॉर्सपर्यंत जवळपास 385 किमी पेट्रोल नाही, मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे कोल्डफूटला टाकी फुल करच, अर्धी आहे चालेल असं अजिबात म्हणू नकोस. ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेवरचा हीटर) मस्ट, उणे 40 मध्ये इंजिन ऑइल मधासारखं घट्ट होतं. बॅटरी जुनी असेल तर बदल. स्लीपिंग बॅग, फावडं मागच्या सीटवर ठेव, डिकीचं लॉक गोठलं तर काय करशील? आणि बर्फात रुतलास तर इंजिन चालू करायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ उकरून काढ, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीत शिरतो, वास पण येत नाही रे त्याला. गाडी सोडून चालत जाऊ नकोस प्लीज.