आरशातला हात ‘आपला’ का वाटत नाही?

प्रश्न : वडिलांना पाच महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. डावा हात कोपराखाली जवळपास हलत नाही. फिजिओथेरपिस्टनी आरशाचा व्यायाम सांगितला, दोन आठवडे करतोय. पण बाबा म्हणतात, ‘मला माझा उजवाच हात दिसतोय, यात नवल ते काय?’ आमचं कुठे चुकतंय?

उत्तर : तक्रार अगदी नेमकी आहे. आरशात दिसणारं उजव्या हाताचं प्रतिबिंब हा आपला डावा हातच वाटला, तरच हा व्यायाम लागू पडतो. नाहीतर तो चांगल्या हाताची कसरत होऊन बसतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात ही युक्ती आधी हात गमावलेल्यांना त्या नसलेल्या हातात जाणवणाऱ्या वेदनेसाठी वापरली, पक्षाघाताकडे ती नंतर वळली. डोळ्यांना डावा हात सहज हलताना दिसला की मेंदूतल्या त्या हाताच्या भागाला चालना मिळते, असा त्यामागचा विचार.

आधी मांडणी तपासा. आरसा समोर, तोंड पाहण्यासारखा ठेवायचा नाही. तो छातीच्या मधोमध, टेबलावर उभा. एक कड पोटाकडे, चकचकीत बाजू उजव्या हाताकडे. साधारण ४५ × ६० सेंटिमीटरचा पुरतो. त्याहून लहान घेतला तर मूठ उघडताना बोटं चौकटीबाहेर जातात आणि भास तिथेच मोडतो. डावा हात कोपरापर्यंत आरशामागे, उशीवर टेकवलेला. तो जराही दिसता कामा नये. आरसा डुगडुगत असेल तर मागून टेकू द्या. प्रतिबिंब पाहायला बाबांना उजवीकडे कलावं लागत असेल, तर आरसा थोडा डावीकडे सरकवा.

आता सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट. दोन्ही हात आरशापासून सारख्याच अंतरावर आणि एकाच ठेवणीत हवेत. डावा पालथा असेल तर उजवाही पालथा. डाव्याची बोटं किंचित वळलेली असतील तर उजव्याचीही तशीच. अंगठी, घड्याळ, मनगटावरचा दोरा काढा. उजव्या हातावर ठळक गोंदण असेल तर तेही झाका, नाहीतर ‘हा माझा उजवाच’ हे मेंदू लगेच ओळखतो.

मग हालचालीची घाई नको. एक-दोन मिनिटं नुसतं प्रतिबिंबाकडे बघू द्या. त्यानंतर मनगट वर-खाली, हात उताणा-पालथा, मूठ उघडणं-मिटणं, एकेक बोट अंगठ्याला लावणं. शेवटी फडक्याने टेबल पुसणं किंवा पेला उचलणं. उघडताना तीनपर्यंत मोजा, मिटताना तीनपर्यंत. भरभर केलं की आरशामागचा हात मागे पडतो आणि दिसणं-जाणवणं यांचा मेळ तुटतो. प्रत्येक हालचाल १० ते १५ वेळा.

मागच्या हातानेही तीच हालचाल करायचा प्रयत्न हवा, जमेल तेवढाच. जोर लावल्यावर बोटं घट्ट आवळली जात असतील तर जोर सोडा, फक्त मनात करा. रोज अर्धा तास (सुरुवातीला १०-१५ मिनिटं दोनदा), आठवड्यातून पाच दिवस, निदान चार आठवडे. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०१८ च्या आढाव्यात ६२ अभ्यास तपासले होते. नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणून आरशाने हालचाल आणि रोजची कामं सुधारतात, असं त्यात दिसलं. जोड म्हणून, हे विसरू नका. नेहमीचे व्यायाम थांबवून नुसता आरसा धरणं चूक.

प्रश्न : पत्नीचा उजवा हात आता हलतो, पण बधिर आहे. चहाचा कप हातात आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कळत नाही. आरशाचा उपयोग होईल?

उत्तर : करून पाहायला हरकत नाही, मात्र संवेदनेबाबतचा पुरावा हालचालीइतका भक्कम नाही. इथे मदतनीस लागतोच. आरशाची बाजू बदला : चकचकीत बाजू डाव्या हाताकडे. दोन सारखे मऊ ब्रश घ्या. दोन्ही हातांच्या त्याच बोटावर, त्याच दिशेने, अगदी एकाच क्षणी फिरवा आणि तिला प्रतिबिंबाकडेच बघू द्या. अर्ध्या सेकंदाचा फरकही जाणवतो. कापूस, स्पंज, खरखरीत कापड असा क्रम ठेवा.

नंतर आरसा बाजूला सारून, डोळे मिटून, कोणतं बोट शिवलं ते विचारा. वाळूत लपवलेलं बटण, किल्ली, नाणं चाचपून ओळखणं हा वेगळा सरावही हवा. गरम-थंड वस्तूंचा खेळ मात्र घरी करू नका. बधिर कातडी भाजते आणि ते फोड आल्यावरच कळतं.

प्रश्न : आरशात बघितलं की आईला गरगरतं, एकदा तर रडूच फुटलं. बंद करावं का?

उत्तर : दोन्ही घडतं. गरगरलं की नजर चांगल्या हाताकडे न्यायची किंवा डोळे मिटायचे, बरं वाटल्यावर पाच मिनिटांपासून पुन्हा सुरू करायचं. दरवेळी तेच होत असेल तर थांबवून थेरपिस्टना सांगा. हात सुजून लाल झाला, नुसत्या स्पर्शानेही दुखू लागला, तर आरसा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि आरसा काचेचा असेल तर कडांना जाड टेप लावलीय ना, ते बघा. बधिर हाताला कापलेलं कळत नाही.