स्वयंपाकघरातलं झाडांना घालावं का? मातीत जपून, ऑर्किडला नकोच

तांदूळ धुतलेलं पाणी, केळ्याच्या साली, अंड्याची टरफलं आणि चहाचा चोथा घरातल्या कुंड्यांना घातला तर चालेल का, आणि बरेच दिवस न फुललेलं ऑर्किड त्यानं फुलेल का, असं तुम्ही विचारलंय. मातीतल्या झाडांना यातलं थोडंफार चालतं. ऑर्किडला मात्र काहीच घालू नका.

झाड मुळांतून घेतं ती पाण्यात विरघळलेली खनिजं. नत्र (नायट्रोजन) हवा तर तो मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियम या रूपात मुळांपाशी यावा लागतो. साली-चोथ्यातला नत्र प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंत अडकलेला असतो. तो सोडवतात मातीतले जिवाणू आणि बुरशी, आणि तेही सावकाश. शिवाय कुजवायला घातलेल्या वस्तूत नत्र कमी असेल तर हे जिवाणू आधी मातीतलाच नत्र उचलतात. कुंडीत साली पुरल्यावर झाड आणखी पिवळं पडलं, ही तक्रार म्हणूनच ऐकू येते.

तांदळाच्या पाण्यात खनिजं असतात, पण अगदी कमी. स्टार्च बराच असतो. ताजं असेल तर अधूनमधून एखाद्या पाण्याऐवजी घाला, नुकसान नाही. आंबवून, रोज, आणि निचरा नसलेल्या कुंडीत घातलंत तर वास येईल आणि मातीवर चिलटं घोंगावतील. या चिलटांच्या अळ्या बुरशीवर आणि कुजणाऱ्या पदार्थांवर जगतात, म्हणजे त्यांचं जेवण आपणच वाढलेलं असतं.

केळ्याच्या सालीत पालाश (पोटॅशियम) आहे हे खरं, आणि साल भिजवलेल्या पाण्यात त्यातला काही उतरतोही. पण नत्र जवळजवळ नाहीच. घरातल्या हिरव्या पानांच्या झाडांना सर्वांत जास्त लागतो तो नत्र. एका घटकाची उणीव दुसऱ्याच्या भरमसाट पुरवठ्यानं भरून निघत नाही. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात हीच गोष्ट लोकांच्या गळी उतरवली, तरी सालीच्या पाण्याचा महिमा काही ओसरत नाही.

अंड्याचं टरफल म्हणजे जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट. मातीवर ठेवलेले तुकडे वर्षानुवर्षं तसेच दिसतात, कारण आम्लाशिवाय ते फारसे विरघळत नाहीत. पिठासारखी पूड करून कंपोस्टमध्ये मिसळलीत तर काही उपयोग. चहाचा चोथा दूध-साखर धुऊन, वाळवून, मातीत मिसळा. कॉफीचा चोथा जाड थरानं पसरू नका, वाळल्यावर त्याची पापडी होते आणि पाणी वरच अडतं.

मीठ घातलेलं भाजी उकडल्याचं पाणी, खाण्याचा सोडा, साखरेचं पाणी, दूध हे कुठल्याच कुंडीत नको. पहिल्या दोहोंतला सोडियम मातीत साठत जातो. साखर तर झाड स्वतःच बनवतं.

आता ऑर्किड. घरांत बहुधा फॅलेनोप्सिस या प्रकारचं ऑर्किड असतं, आणि ते मूळचं झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. त्याची मुळं उघड्यावर असतात, त्यांच्यावर व्हेलामेन नावाचं स्पंजासारखं पांढुरकं आवरण असतं. ते पाणी झटकन शोषतं आणि मग त्याला हवा लागते. कुंडीत आपण झाडाच्या खोडावरच्या सालीचे तुकडे भरतो ते याच मोकळ्या जागांसाठी. त्यात स्टार्च, केळ्याच्या साली, चोथा गेला की पोकळ्या बुजतात, बुरशी माजते, खोडाची साल लवकर कुजते आणि तिच्यासोबत मुळंही. अडकलेला नत्र सोडवणारी जिवाणूंची वस्तीही त्या खोडाच्या सालीत मातीइतकी नसते. म्हणजे फायदा जवळजवळ शून्य, धोका पूर्ण.

तरी प्रयोगशाळेत ऑर्किडच्या रोपांना केळ्याचा गर आणि नारळाचं पाणी खरोखरच देतात, हे तुम्ही कुठे वाचलं असेल. ते खोटं नाही. ऑर्किडच्या बियांत अन्नसाठा नसतो, निसर्गात त्या बुरशीच्या मदतीनं रुजतात. १९२२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ ल्यूइस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर त्या बुरशीशिवाय रुजवून दाखवल्या, आणि पुढे अशा माध्यमांत गर वगैरे मिसळले जाऊ लागले. पण ती निर्जंतुक केलेली बंद बाटली असते. तुमच्या खिडकीतली कुंडी नव्हे.

ऑर्किडला पाण्यात विरघळणारं संतुलित खत द्या, २०-२०-२० (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) चालेल, वेष्टनावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भाग. नत्र युरियाऐवजी नायट्रेटच्या रूपात असेल तर उत्तम. वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा पुरे, आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्यानं कुंडी भरपूर धुऊन काढा, म्हणजे साठलेले क्षार निघून जातील. मातीतल्या कुंड्यांसाठी मात्र स्वयंपाकघरातलं सगळं आधी कंपोस्ट करा आणि तयार खताचा पातळ थर वरून द्या. त्याला मी कधीच नाही म्हणणार नाही.

राहिला फुलांचा प्रश्न. पानं गडद हिरवी आणि लोळलेली असतील तर उजेड कमी पडतोय. कडक ऊन टाळून खिडकीजवळ आणा. फॅलेनोप्सिसला दांडा फुटायला काही आठवडे गारवा लागतो, तापमान साधारण २५ अंशांच्या खाली. थंडी सुरू झाली की झाड गार पण उजेडाच्या जागी ठेवा, आणि नवा दांडा दिसेपर्यंत जागा बदलू नका.