पालखी दारावरून वळवली, आणि ठाण्यात लिहून घेतली फक्त एनसी

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शिमग्यात पालखी वाडीतल्या घराघरांत गेली. तुमच्या आई अंगण सारवून, ओटीचं ताट हातात घेऊन दारात उभ्या होत्या. पालखी तुमच्या पायरीपर्यंत आली आणि तिथून वळवून शेजारी नेली. ताटातला नारळ आईंनी रात्री तसाच देव्हाऱ्यापुढे ठेवला, असं तुम्ही लिहिलंय. एवढं वाचून मी थोडा वेळ पत्र बाजूला ठेवलं.

इतर वाचकांसाठी तुमची अडचण थोडक्यात सांगते. रत्नागिरी जिल्ह्यातली एक वाडी. तुमच्या धाकट्या भावानं बौद्ध समाजातल्या मुलीशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. गावकीची बैठक बसली आणि ५१ हजार दंड व देवळासमोर माफी असं ठरलं. तुम्ही नाही म्हणालात. तेव्हापासून गिरणीवर दळण घेत नाहीत, यंदा लावणीला एकही माणूस आला नाही, गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून भावाला काढलं. पोलीस ठाण्यात फक्त अदखलपात्र नोंद (एनसी) झाली आणि ‘गावातलं गावात मिटवा’ असा सल्ला मिळाला. आता तुम्ही विचारता की असा कायदा खरंच आहे का, की दंड भरून मोकळं व्हावं?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. दंड भरू नका. त्याची पावती मिळत नाही, आणि भरलात की तुम्ही चूक कबूल केली असं गाव धरून चालतं. मग पुढच्या वर्षी कुणाच्या तरी बारशाला गेलात म्हणून नवा दंड निघतो. असे कागद मी हाताळले आहेत. पहिला दंड भरलेलं कुटुंब क्वचितच सुटतं.

कायदा आहे. त्याचं नाव महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई प्रांतात १९४९ सालीही कायदा झाला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये तो रद्द केला, आणि पुढची पन्नासहून जास्त वर्षं वाळीत पडलेल्या माणसाला नेमका असा आधारच नव्हता. नव्या कायद्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वसूल झालेला दंड पीडित कुटुंबाला देता येतो. आणि तुमच्या कामाची मुख्य गोष्ट म्हणजे हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीची वाट न बघता तपास करता येतो. ठाण्यात एनसी लिहून घेतली, तिथेच चूक झाली.

पण ठाणे अंमलदाराला सगळा दोष देण्याआधी तुमच्या अर्जाची प्रत वाचा. त्यात लिहिलंय, ‘गावातले लोक आमच्याशी बोलत नाहीत व त्रास देतात.’ कुणाशी बोलायचं नाही हे एकट्या माणसानं ठरवणं गुन्हा नाही, आणि कुठलंही न्यायालय शेजारणीला तुमच्याकडे हळदीकुंकवाला पाठवू शकत नाही. चार माणसांनी बसून, ठरवून, दुसऱ्यांना तसं वागायला लावणं हा गुन्हा आहे. तेव्हा तक्रारीत ती बैठक आली पाहिजे. कोणत्या तारखेला, देवळात की सहाणेवर (पालखी टेकवतात त्या जागी), कुणी बोलावली, कोण काय म्हणालं, दंडाचा आकडा कुणाच्या तोंडून आला, हे सगळं. बहिष्काराच्या ठरावाला मत देणारा आणि त्या चर्चेत भाग घेणारा, दोघेही कायद्याच्या कचाट्यात येतात. ‘समस्त ग्रामस्थ’ असं मात्र लिहू नका. ज्यांच्याबद्दल पुरावा आहे तेवढीच नावं द्या. पन्नास नावं घातलीत तर पन्नास घरं तुमच्या विरोधात एकत्र येतात, आणि ज्या दोघा-तिघांनी मनातून तुमची बाजू घेतली असती तेही आरोपी होऊन बसतात.

गिरणीवाल्याचंच बघा. तुम्ही लिहिता की त्यानं पिशवी हातात घेतली, मग मागे बघितलं आणि ‘ताई, मला दंड पडेल’ म्हणून परत दिली. हे एक वाक्य बहिष्काराचा ठराव सिद्ध करायला दहा साक्षीदारांइतकं मोलाचं आहे. त्याला आरोपी करू नका. त्याच्याकडे साक्षीदार म्हणून बघा.

व्हॉट्सॲपवरचा तो संदेश, ‘या घराशी जो संबंध ठेवील त्याला पाच हजार’, भावाच्या फोनमध्ये अजून आहे ना? फोन बदलू नका, विकू नका, चॅट पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट न्यायालयात पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमचे वकील तयार करतील.

आता वहिनींबद्दल. त्यांच्याकडे अनुसूचित जातीचा दाखला आहे असं तुम्ही लिहिलंय. बौद्ध झाल्यानं तो हक्क जात नाही. १९९० च्या दुरुस्तीनं तो स्पष्ट केला आहे. त्यामुळे त्यांच्यावर बहिष्कार टाकणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांना अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१)(झेडसी) लागतं. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं, किंवा तशी नुसती धमकी देणंही त्यात येतं. याचा फरक फार मोठा पडतो. २०१६ च्या कायद्याखालचा गुन्हा जामीनपात्र आहे. शिवाय फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यानुसार, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेनुसार, उपअधीक्षकांची परवानगी घेऊन पोलीस १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात, आणि तेवढ्या दिवसांत गावात काय काय दबाव येतो हे तुम्हाला मी सांगायला नको. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, २०१८ च्या दुरुस्तीनंतर, गुन्हा नोंदवण्याआधी अशी चौकशी लागत नाही, आणि तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो.

पण ही तक्रार वहिनींची आहे. ‘आमच्या घराचा अपमान झाला’ म्हणून त्यांच्या नावानं तुम्ही ती द्यायची नाही. नव्या घरात आलेली मुलगी, तिच्यामुळेच हे झालं असं रोज कानावर पडत असेल. तिला एकटीला बसवून विचारा. ती नको म्हणाली तर २०१६ च्या कायद्याखाली तुमच्या आई किंवा भाऊ स्वतंत्रपणे तक्रार देऊ शकतात. तो दरवाजा बंद होत नाही.

ठाण्यात पुन्हा नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावती जपा. तरीही हालचाल नसेल तर प्रतिज्ञापत्रासह न्यायालयात अर्ज करता येतो. जिल्हाधिकाऱ्यांनाही एक अर्ज द्या. बहिष्कारासाठी बैठक बोलावली जाणार असेल तर ती रोखण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि गणपतीत चाकरमानी गावी आले की बैठक बसणार असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा अर्ज त्याआधी पोचू दे.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. बाईला आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज करायचा.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. आरोपींना जामीन मिळाला तर ते त्याच संध्याकाळी वाडीत परततील. पहिला महिना जड जाईल. आईंना काही दिवस मामांकडे ठेवता आलं तर ठेवा. धमकी आली तर त्याच दिवशी ठाण्यात लेखी कळवा, संरक्षण मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. मग साधारण महिन्या-दोन महिन्यांनी एखादा वयस्कर मानकरी ‘झालं गेलं विसरू’ म्हणत दारात येईल. माझ्या पक्षकारांच्या बाबतीत बहुतेक वेळा असंच झालंय. त्याला चहा द्या, पण पडवीत बसून कुठल्याही कागदावर सही करू नका. २०१६ च्या कायद्यातली तडजोड पीडिताच्या संमतीनं आणि न्यायालयाच्या परवानगीनंच होते. तुम्हाला ती करायची असेल तर अटी तुमच्या असू द्या: ठराव मागे घेतल्याचं लेखी द्यायचं, तेही ज्या ग्रुपवर फतवा निघाला त्याच ग्रुपवर टाकायचं, आणि पुढच्या शिमग्यात पालखी तुमच्या दारात आणायची. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा मात्र असा आपसात मिटत नाही, हे वहिनींना आधीच नीट समजावून सांगा.

आजच एक वही घ्या. तारीख, वेळ, कोण, काय म्हणालं, एवढंच लिहायचं. पहिली नोंद पालखीच्या दिवसाची करा, आणि ती आईंकडून त्यांच्याच शब्दांत ऐकून लिहा.