बंध कितवा?

प्रश्न : मॅडम, निकेल टेट्राकार्बोनिलमधल्या निकेल-कार्बन बंधाची ऊर्जा एका पुस्तकात मोलला 147 किलोज्यूल आहे, दुसऱ्या तक्त्यात सुमारे 105. बरोबर कोणती? आणि ही मोजमापं वायुरूपात का करतात?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, आणि हा फरक तुझ्या नजरेत आला याचा मला फार आनंद झाला. या रेणूत निकेलच्या एका अणूला कार्बन मोनॉक्साइडचे चार रेणू जोडलेले असतात. ते चारही सुटे करायला सुमारे 588 किलोज्यूल लागतात. भागिले चार, म्हणजे 147. ही सरासरी झाली. पहिला बंध मात्र 105 मध्येच तुटतो. उरलेल्या तिघांच्या वाट्याला मग सरासरी 161 येतात. लोखंडाच्या पेंटाकार्बोनिलात, म्हणजे पाच कार्बन मोनॉक्साइड असलेल्या रेणूत, उलटं आहे: पहिल्यालाच सुमारे 170, सरासरी 117 च्या आसपास. तेव्हा तक्ता उघडलास की आधी विचार, बंध कितवा?

द्रावणात एक रेणू सुटला की त्याच्या जागी द्रावकाचा रेणू येऊन बसतो आणि बसताना ऊर्जा सोडतो. हाती येते ती दोन्हींची गोळाबेरीज. वायूत मधे येणारं कोणी नसतं.

माझी आई मालवणला कोळंबच्या खाडीत ओहोटीला कालवं काढायची. आधी हलका घाव, मग जरा जोराचा. कालव खडकावरून सुटायला किती जोर पुरे, ते तिच्या मनगटाला कळायचं. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे कणांना वस्तुमानानुसार वेगळं करणाऱ्या उपकरणात, तेच करतात. एकाच वस्तुमानाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, निवडून झेनॉन या निष्क्रिय वायूवर आदळवायचे, ऊर्जा हळूहळू वाढवायची आणि तुकडे कुठे दिसू लागतात ते बघायचं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ पीटर आर्मेंट्राउट यांनी ही पद्धत फार बारकाईने घडवली. झेनॉन जास्त झाला तर एका आयनाला दोन टकरा बसतात आणि तुकडे लवकर दिसतात, म्हणून वेगवेगळ्या दाबांवर मोजून आकडा शून्य दाबापर्यंत नेतात. मोठा आयन ऊर्जा मिळूनही तुटायला वेळ लावतो. तोवर तो उपकरणातून पुढे निघून जातो, आणि बंध आहे त्याहून बळकट भासतो. हा हिशेब चुकला तर सगळा आकडाच चुकतो.

तुझे 105 मात्र 1982 साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लाइनबर्गर यांच्या गटाने ऋण आयनांवर लेसर टाकून काढले.

आणि एक, हा निकेलचा पदार्थ कॉलेजात करून बघायचं मनातही आणू नकोस. तो 43 अंशांना उकळतो, आणि त्याची वाफ जीवघेणी आहे.