पूर्व प्रशियातली अनाथ जर्मन मुलं १९४५ नंतर लिथुआनियात कशी तगली?

मुख्यतः लिथुआनियन शेतकऱ्यांच्या दारात भीक मागून, आणि पुढे त्यांच्याच घरी नाव बदलून राहून. पूर्व प्रशिया हा तेव्हा जर्मनीचा बाल्टिक समुद्राकाठचा प्रांत; एप्रिल १९४५ मध्ये त्याची राजधानी क्योनिग्सबर्ग (आजचं रशियातलं कालिनिनग्राद) सोव्हिएत फौजांच्या हाती पडली. उपासमार आणि टायफसने आया, आज्या पटापट गेल्या; १९४६-४७ चा हिवाळा तर फारच भयंकर होता. शेजारच्या लिथुआनियात खायला मिळतं हे कळल्यावर मुलं मालगाड्यांत लपून किंवा चालत नेमान नदीपलीकडे जायची. काही जण भाकरी-बटाटे पोत्यात भरून घरी परतायचे. परतायला घरच उरलं नाही ते तिथेच थांबले. त्यांना 'लांडगा-मुलं' म्हणतात. लिथुआनियावरही सोव्हिएत राजवट असल्याने जर्मन मुलाला आसरा देणं शेतकऱ्यालाही धोक्याचं होतं, म्हणून घरात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे लिथुआनियन नाव ठेवणं आणि जर्मन बोलणं बंद करणं. लहानगे काही वर्षांत मातृभाषा साफ विसरले. बहुतेकांनी शाळा पाहिलीच नाही, गुरं राखली.

हे तपशील मुख्यतः त्यांच्याच आठवणींतून कळतात. सोव्हिएत काळात गप्प राहिलेली ही माणसं १९९० नंतर बोलू लागली, लिथुआनियात त्यांची 'एडेलवाइस' नावाची संघटनाही झाली.

मात्र सगळ्यांनाच माया मिळाली असं समजू नका: काही घरांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं, काहींनी पोटावारी राबवून घेतलं. शिवाय सगळी तिथेच राहिली नाहीत. बऱ्याच जणांना १९५१ पर्यंत पूर्व जर्मनीत पाठवलं गेलं.