‘समुद्राचा राग यायला हवा ना, मॅडम?’

जिच्यावर आपला जीव होता ती जागा आपत्तीत गेली, तर तिथे परत जावं का? पाहवेल का? की डोळ्यांत जपलेली जुनी जागाही पुसली जाईल? किल्लारी, माळीण, तळीये, इर्शाळवाडी अशा गावांशी नातं असलेल्यांच्या मनात हा प्रश्न असतोच. समुपदेशनाच्या खोलीत माझ्यासमोर तो सर्वात लांबून आला तो एका बेटावरून. ताईंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांची हकीकत सांगते.

ताई ५८ वर्षांच्या, पुण्यात सासर. वडील साताऱ्याकडचे फौजी. १९६९ पासून सरकारने ग्रेट निकोबारवर माजी सैनिकांची तीनशेहून अधिक कुटुंबं वसवली. पंजाबी, मराठी, मल्याळी, तमिळ, सगळे सरमिसळ. जंगल तोडून भातशेती, नारळ, सुपारी. गोविंदनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर अशी गावं उभी राहिली. नकाशात हे बेट शोधायला बोट कन्याकुमारीच्याही खाली न्यावं लागतं. ताई तिथे गेल्या तेव्हा सहा वर्षांच्या होत्या आणि लग्न होऊन बाहेर पडल्या तेव्हा बावीसच्या. आईने साताऱ्याहून जहाजातून दगडी जातं नेलं होतं. बेटावर ज्वारी कुठली मिळायला! शेवटी त्यावर तांदूळच दळले गेले.

२६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि मग लाटा आल्या. भाऊ चार वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन टेकडीकडे पळाला आणि वाचला. आई सापडली नाही.

त्यानंतर ताई बेटावर गेल्याच नाहीत. वीस वर्षं. आणि आता त्याच मुलीचं लग्न ठरलं होतं. भाऊ फोनवर म्हणाला, “आक्का, नाव ठेवायला आलीस, आता अक्षता टाकायला ये.” नवऱ्याचं म्हणणं, “जाऊन ये एकदाची.” मुलीचं म्हणणं, “आई, तू तिथे कोसळशील.” ताई मधल्या मध्ये माझ्यासमोर रुमालाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या.

“मला सहन होणार नाही,” हे त्यांचं पहिलं वाक्य. मी ते सरळ अर्थाने घेतलं. झोप, स्वप्नं, दचकणं, पाण्याची भीती, जगणं नकोसं वाटणं, सगळं विचारून झालं. यातलं काही जोरात असतं तर आधी त्यावर उपचार आणि प्रवास नंतर, असंच मी सांगितलं असतं. पण ताई नीट झोपत होत्या, घर, नातवंडं, भिशी सगळं सांभाळत होत्या. मग मी घाई केली. थोडं थोडं पाहण्याची सवय व्हावी म्हणून दुसऱ्याच भेटीत लॅपटॉपवर त्या किनाऱ्याचं उपग्रहातून टिपलेलं चित्र उघडलं. ताईंनी दोन मिनिटं पाहिलं, पर्स उचलली आणि गेल्या. तीन आठवडे त्यांचा फोन नाही. विचारल्याशिवाय दाखवायला नको होतं. ती चूक माझी.

चौथ्या आठवड्यात आल्या, त्या मात्र वेगळंच बोलल्या. “तुम्ही पाणी दाखवलंत ना, मला वाटलं मला रडू फुटेल. पण मनात पहिलं काय आलं सांगू? किती निळं आहे अजून. आवडलं मला ते. आईला ज्याने नेलं त्या समुद्राचा राग यायला हवा ना, मॅडम?”

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. बेट उद्ध्वस्त दिसेल याची त्यांना भीती नव्हतीच. बेट सुंदर दिसलं तर काय, तिथे गेल्यावर आपल्याला बरं वाटलं तर काय, ही धास्ती होती. किनाऱ्यावर उभं राहून सुख वाटणं म्हणजे आईशी बेइमानी, असा हिशोब त्यांनी मनाशी मांडून ठेवला होता. न जाणं हे त्यांचं आईसाठीचं वीस वर्षांचं सुतक होतं. कोणी सांगितलेलं नसताना पाळलेलं.

त्यात आईचा देह मिळालेला नाही. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना अशा दुःखाला वेगळं नाव दिलं. मराठीत आपण त्याला संदिग्ध वियोग म्हणू. माणूस गेलंय हे कळतं, पण शेवटची खूण नाही, म्हणून मन दार पुरतं लावत नाही. ताईंच्या घरी सासूसासऱ्यांचे फोटो हार घालून भिंतीवर होते. आईचा फोटो कपाटात, साड्यांखाली. “हार घातला की झालंच ना मग,” असं त्या म्हणाल्या. मी हार घाला म्हटलं नाही, घालू नका असंही नाही. हे पुण्यात बसून ठरवायची गरज नाही, एवढंच म्हटलं.

पुढच्या भेटीला मी त्यांना कागद दिला आणि आठवतं ते बेट काढायला सांगितलं. चाळीस मिनिटं त्या बोलल्या नाहीत. रस्ता, शाळा, माडांची रांग, स्वयंपाकघराच्या मागे विहीर, ओट्याखाली जातं. खाली टोकाला इंदिरा पॉइंटचं दीपगृह काढलं, कोरड्या जमिनीवर. भूकंपात ते टोक सुमारे सव्वाचार मीटर खचलं आणि दीपगृहाच्या पायथ्याशी पाणी आलं, हे त्यांना माहीत होतं. तरी काढलं कोरड्यावरच. मी ते सुधारलं नाही.

“आता घराच्या जागी काय आहे, हे भावाला कधी विचारलंत?” नव्हतं विचारलं. रात्री त्यांनी फोन लावला. भाऊ म्हणाला, “पाणी आहे. सुरुवातीची काही वर्षं ओहोटीला माडांचे बुंधे दिसायचे.” ताई रडायला लागल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग चिडला. तिथल्या सवयीने हिंदीवर आला. “आक्का, शादी में आ. सुनामी देखने मत आ. जो येतो तो तेच बघायला येतो. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये वर्षं काढली, मग घर झालं, पोरगी शिकली. ते कोण बघणार?”

मला वाटतं, माझ्या सगळ्या भेटींपेक्षा त्या फोनने जास्त काम केलं. आपण ‘परत जाणं’ म्हणतो तेव्हा जागा जणू थांबून आपली वाट बघत असते, असं धरून चालतो. भाऊ तिथून गेलाच नव्हता. त्याच्या लेखी ते आजचं गाव होतं. आणि उद्याचंही काही सांगता येत नाही. बेटावरच्या गॅलेथिया खाडीत मोठं बंदर व्हायचं आहे, २०२२ मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. तेव्हा ‘पुढे कधीतरी जाऊ’ यात फारसा अर्थ नाही, हे ताईंनीच काढलं.

मग आम्ही तयारी केली, अगदी साधी. आधी लग्न, किनारा नंतर, आणि तोही वाटला तरच. सोबत मुलगी. रोज रात्री नवऱ्याला एक फोन, त्यात ‘कसं वाटतंय’ हा प्रश्न वर्ज्य. जेवणात काय होतं ते सांगायचं. भुईला हादरा बसला तर? त्या भागात बसतातच. हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून सुरू आहे, २००४ मध्ये ते नव्हतं, हे मी सांगितलं. पण भूकंपाच्या इतक्या जवळ असताना निरोपाची वाट बघायची नसते. जोराचा आणि लांबलेला हादरा हाच इशारा, उंचावर निघायचं. उंचावर कुठे, हे त्यांनी भावाला आधीच विचारून घेतलं. अशा नेमक्या उत्तराने भीती जेवढी बसते तेवढी ‘काही होत नाही हो’ने बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्या गेल्या. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालंय, ताईंच्या तोंडी मात्र पोर्ट ब्लेअरच. तिथून जहाज, वाटेत उलट्या.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून भावाला म्हटलं, चल. पिशवीत हळदकुंकू, आईचा फोटो आणि एक नारळ होता. भावाने नारळ हातात घेऊन फिरवला. “आक्का, तू निकोबारला पुण्याहून नारळ आणलास?” तो हसला, मग ताई हसल्या, मग मुलगीही. आईसाठी आणलेल्या नारळावर हसताना आपण समुद्रात गुडघाभर आत आलोय, हे त्यांना साडी जड झाल्यावर कळलं. “पाणी कोमट होतं,” एवढंच त्या मला म्हणाल्या. राग आला का, ते मी विचारलं नाही.

फोटोला हार अजून नाही. पण फोटो आता कपाटाबाहेर, टीव्हीशेजारी आहे.

शेवटच्या भेटीत ताईंनी तो नकाशा परत आणून दाखवला. भावाने निळ्या बॉलपेनने आजचा किनारा त्यावर ओढला होता. ताईंच्या शाळेजवळून, घरावरून. स्वयंपाकघराच्या मागची विहीर खोडून त्याने ती पुढच्या अंगणात काढली होती, शेजारी लिहिलं होतं, ‘इथे होती’. ताईंना ते मुळीच मान्य नाही. “मागेच होती. मी पाणी भरायचे, तो कधी भरायचा?” दर रविवारी फोनवर त्यांचं यावरून भांडण चालू आहे.