वाचकांचे प्रश्न : डिस्नेची सहल आणि लेकीची दुपारची झोप

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. मार्चमध्ये मुलाच्या शाळेला सुट्टी लागली की चार दिवसांसाठी ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचे ठरवले आहे. बरोबर सहा वर्षांचा मुलगा, वीस महिन्यांची मुलगी आणि साताऱ्याहून आलेले माझे सासू-सासरे असतील. हॉटेल डिस्नेच्या हद्दीबाहेर, गाडीने वीस मिनिटांवर आहे. मुलगी घरी दुपारी एक ते तीन या वेळात अंधाऱ्या खोलीत झोपते आणि ती झोप चुकली की संध्याकाळभर रडते. माझ्या पतीचे म्हणणे असे, की एवढी महाग तिकिटे काढल्यावर दुपारी हॉटेलवर परतणे परवडणारे नाही, ती बाबागाडीत झोपेल. सासूबाई म्हणतात, मुले दमली की आपोआप झोपतात, चार दिवसांनी काही बिघडत नाही. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, डॅलस

उत्तर : आपल्या सासूबाईंचे निरीक्षण अर्धे खरे आहे. जागेपणी झोपेची गरज साठत जाते आणि एका टप्प्यावर मूल झोपेला तयार होते; परंतु तो टप्पा गाठूनही आजूबाजूला गाणी, दिवे आणि गर्दी असली, तर लहान मूल झोपेकडे न वळता अधिकच उत्तेजित होते, धावते, हसते आणि मग क्षुल्लक कारणावरून हंबरडा फोडते. अशा मुलाला रात्री झोपवणेही अवघड जाते आणि दुसरा दिवस आदल्या दिवसाचे देणे घेऊनच उजाडतो. एक ते दोन वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप हवी, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली सांगितले आहे आणि त्यात दुपारची झोप धरलेली आहे. परक्या खोलीत रात्रीची झोप थोडीफार कमी होणारच. त्यामुळे सहलीत दुपारच्या झोपेचे महत्त्व घरच्यापेक्षा कमी होत नाही, उलट वाढते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की आधी झोपेची वेळ कागदावर मांडावी आणि मग तिच्याभोवती राइड, जेवण आणि रांगा बसवाव्यात. बहुतेक कुटुंबे नेमके उलट करतात.

पैशांविषयीची आपल्या पतींची काळजी रास्त आहे, पण तिचे उत्तर तिकिटाच्या नियमांतच आहे. डिस्नेमध्ये तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, म्हणजे मुलगी बाहेर गेल्याने तिच्या नावावर काही वाया जात नाही. शिवाय दुपारी बाहेर पडून त्याच दिवशी त्याच पार्कमध्ये पुन्हा प्रवेश करता येतो. प्रश्न उरतो तो मोठ्यांच्या आणि मुलाच्या तिकिटांचा, आणि तिथे मी कुटुंबाने दुपारपुरते दोन गटांत विभागण्याचा आग्रह धरेन. आपल्याकडे सहल म्हणजे सगळ्यांनी सतत एकत्र असणे, असा संस्कार असतो आणि त्यामागचा जिव्हाळा मला मान्य आहे. तरीही सहा वर्षांच्या मुलाला या वयात वडिलांबरोबरच्या दोन-तीन निवांत तासांचे जे अप्रूप असते, ते सगळ्यांनी मिळून रडत्या बहिणीची समजूत काढण्यात हरवू नये. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनसारख्या, ३८ इंच उंचीची अट असलेल्या राइड त्यांनी याच वेळात कराव्यात. साताऱ्यात रोज वामकुक्षी घेणारे आजोबा दुपारी हॉटेलवर परतायला मिळाले तर मनापासून खूश होतील, हेही विसरू नका.

आता या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग, म्हणजे पार्कपासून पलंगापर्यंतचा प्रवास. हॉटेल वीस मिनिटांवर आहे असे आपण लिहिले आहे, पण डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांपैकी मॅजिक किंगडमच्या बाबतीत ती वीस मिनिटे वाहनतळापासून मोजायला हवीत. या पार्कच्या दारात सर्वसाधारण वाहनतळ नाही. गाडी तलावाच्या पलीकडच्या ट्रान्सपोर्टेशन अँड टिकेट सेंटरवर लावावी लागते आणि तिथून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने पार्ककडे यावे लागते. परतताना हीच साखळी उलटी पार करायची असते, त्यामुळे दारातून बाहेर पडल्यापासून खोलीत पोहोचेपर्यंत तास सहज जातो. एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम या तीन पार्कांचे वाहनतळ मात्र प्रवेशद्वारासमोरच आहेत. फेरीबोटीत आणि मोनोरेलमध्ये बाबागाडी उघडी ठेवता येते, वाहनतळावरच्या ट्राममध्ये ती घडी करावी लागते. म्हणजे पेंगुळलेल्या मुलीला उचलावे लागण्याची वेळ नेमकी कुठे येणार, हे आधीच ठाऊक असू द्यावे.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण म्हणजे वाटेतली डुलकी. मुलगी गाडीत दहा-पंधरा मिनिटे झोपली आणि हॉटेलच्या दारात जागी झाली, तर साठलेली झोपेची गरज तेवढ्यानेच थोडी ओसरते आणि खोलीत अंधार करून कितीही थोपटले तरी पुढची झोप लागत नाही. दोन तासांच्या झोपेऐवजी पंधरा मिनिटे पदरात पडतात. यावर दोनच उपाय मला खात्रीचे वाटतात. एक तर ती पेंगण्याच्या बरेच आधी निघावे आणि गाडीत आजींनी शेजारी बसून गाणी-गप्पांनी तिला जागे ठेवावे. नाही तर ती गाडीत झोपलीच, तर हॉटेलच्या वाहनतळावर एका मोठ्या माणसाने वातानुकूलन चालू ठेवून तिच्याजवळच बसून राहावे आणि झोप पूर्ण होऊ द्यावी. बंद गाडीत मुलाला एकटे सोडणे मात्र एका मिनिटासाठीही चालणार नाही; उन्हात उभ्या गाडीतले तापमान दहा मिनिटांत दहा अंश सेल्सिअसपेक्षाही अधिक वाढू शकते.

वेळेचे गणितही आधीच मांडून ठेवावे. ऑरलँडोचे घड्याळ डॅलसच्या एक तास पुढे असते, म्हणजे आपल्या मुलीची एकची झोप तिथल्या दोनला येईल आणि ती सकाळी तिथल्या घड्याळाने तासभर उशिरा उठेल. चार दिवसांच्या सहलीत पूर्ण बदल करण्याचा खटाटोप नको, पण सकाळचे पहिले दोन-तीन तास हे गर्दी आणि ऊन या दोन्ही दृष्टींनी सर्वांत चांगले असतात आणि ते गमावणेही बरोबर नाही. निघण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून तिचे उठणे, जेवण आणि झोप रोज दहा मिनिटांनी अलीकडे आणली, तर ऑरलँडोत ती साधारण एक ते दीडच्या दरम्यान झोपेला येईल. या वयात उठल्यापासून पाच ते सहा तासांनी झोप येते, त्यामुळे त्या दिवशी ती किती वाजता उठली हे पाहून झोपेची वेळ थोडी पुढे-मागे करता येते. दुपारी साडेतीननंतर तिला झोपू देऊ नये, नाही तर रात्र लांबते.

जेवण अकरा-सव्वाअकराला उरकावे. डिस्ने पार्कमध्ये स्वतःपुरते खाद्यपदार्थ आत नेता येतात; काचेची भांडी नेता येत नाहीत, बाळाच्या अन्नाच्या बाटल्यांना मात्र त्यातून सूट आहे. चारही पार्कमध्ये बेबी केअर सेंटर आहे, मॅजिक किंगडममधले मेन स्ट्रीटच्या टोकाशी क्रिस्टल पॅलेसजवळ आहे. तिथे दूध पाजण्याची स्वतंत्र जागा, कपडे बदलण्याची सोय, उंच खुर्च्या आणि अन्न गरम करण्याची सोय असते. आजींनी सकाळी केलेली मऊ खिचडी तिथे गरम करून शांतपणे भरवता येते, आणि ओळखीची चव पोटात गेली की पुढची झोप निम्मी सोपी होते. हे केंद्र झोपवण्यासाठी नाही, पण गोंगाटातून वीस मिनिटे बाहेर काढून मुलीला शांत करण्यासाठी त्याचा मोठा उपयोग होतो. लाइटनिंग लेनची, म्हणजे जादा पैसे भरून मिळणाऱ्या छोट्या रांगेची, वेळ घेताना मोबाइलवर दुपारी साडेबाराची वेळ समोर आली, तरी मोहात पडू नका. सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच घ्या.

खोलीत घरचीच चादर किंवा आजींची लहान गोधडी, तीच अंगाई आणि तेच थोपटणे असावे. खोली बदलली तरी झोपण्यापूर्वीचा क्रम बदलू नये. पडद्याच्या फटी बंद करण्यासाठी हँगरचे चिमटे चालतात आणि वातानुकूलन यंत्राचा सलग आवाज बाहेरच्या आवाजांना झाकतो. वेगळा छोटा पाळणा हॉटेलकडे आधीच मागून ठेवावा.

बाबागाडीतल्या झोपेला माझा विरोध नाही. फक्त चारही दिवस तिच्यावर विसंबू नये, कारण अंधाऱ्या खोलीची सवय असलेले मूल बाबागाडीत झोपले तरी सहसा पाऊण तासाच्या पुढे जात नाही. अशा झोपेसाठी एपकॉटचा दिवस राखून ठेवा. तिथल्या वर्ल्ड शोकेसमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत आणि त्यांना जोडणारा सुमारे सव्वा मैलाचा रुंद, सपाट रस्ता आहे. दुपारी त्याच्यावरून संथपणे एक फेरी मारली, की मुलगी झोपते आणि मोठ्यांचे फिरणेही होते. पाठ बरीच मागे जाणारी बाबागाडी घ्यावी. डिस्नेमध्ये ती ३१ इंचांपेक्षा रुंद आणि ५२ इंचांपेक्षा लांब चालत नाही, आणि चारचाकी वॅगनला परवानगी नाही. झोपलेल्या मुलीचे पट्टे लावलेलेच असावेत. ऊन लागू नये म्हणून पुष्कळ पालक बाबागाडीवर चादर किंवा ओढणी टाकून ती चहूबाजूंनी झाकतात, ते कृपया करू नये. आतली हवा खेळत नाही आणि उष्णता झपाट्याने वाढते. गाडीचे छत पुढे ओढावे, सावलीत थांबावे आणि मधूनमधून मुलीच्या मानेला हात लावून पाहावा. बहुतेक राइडच्या रांगेत बाबागाडी नेता येत नाही, हेही लक्षात असू द्या: झोपलेल्या मुलीला उचलून रांगेत उभे राहण्यापेक्षा रायडर स्विचची सोय वापरावी, ज्यात एक पालक मुलीजवळ थांबतो आणि दुसरा परतल्यावर त्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही.

दिवसांचा क्रम विचारलात तर मी मॅजिक किंगडम पहिल्या दिवशी ठेवेन. सगळे ताजेतवाने असताना सकाळी डंबो, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, विनी द पू अशा लहानग्यांना उंचीची अट नसलेल्या राइड कराव्यात. बारा वाजता आपण, मुलगी आणि आजी-आजोबांनी निघावे, आणि संध्याकाळी परत येण्याचा हट्ट धरू नये. दुसरा दिवस एपकॉट, तिसरा ॲनिमल किंगडम, जिथे सकाळी प्राणी अधिक हालचाल करताना दिसतात आणि दुपारी परतणे सोपे आहे. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये वीस महिन्यांच्या मुलीसाठी तुलनेने थोडे आहे, त्या दिवशी बाप-लेकांना एकटे पाठवून बाकीच्यांनी हॉटेलच्या जलतरण तलावावर जावे, असे मला वाटते.

एखाद्या दिवशी झोप साधणारच नाही. मग संध्याकाळी पाच वाजता तिला झोपवू नये. जेवण लवकर देऊन साडेसहा-सातलाच रात्रीची झोप द्यावी आणि आतषबाजी सोडून द्यावी, कारण दमलेल्या लहान मुलांना ते आवाज भयंकर वाटतात. प्रवासात मूल झोपावे म्हणून सर्दी-खोकल्याची औषधे देण्याचा सल्ला ओळखीपाळखीत कोणी दिला, तर तो ठामपणे नाकारावा. ती औषधे झोपेसाठी नाहीत आणि या वयात धोकादायक ठरू शकतात.

प्रश्न : आम्ही पुण्याहून एका दिवसासाठी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाणार आहोत. मुलगा अडीच वर्षांचा आहे, जवळ मुक्काम नाही. दुपारी त्याला कुठे झोपवावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या बाबतीत धोका दुपारचा नसून सकाळचा आहे. द्रुतगती मार्गावर गाडीच्या लयीत मुलगा नऊ-दहा वाजता झोपला, तर दुपारची झोप तिथेच संपते आणि चार वाजता तो कोलमडतो. जाताना त्याला बोलते ठेवावे, खिडकीतले बोगदे मोजायला लावावेत. आपल्याकडे अशी उद्याने सहसा सकाळी उशिरा उघडतात, त्यामुळे उघडल्याबरोबर आत जाऊन लहान मुलांच्या राइड आधी कराव्यात, साडेबाराला जेवावे आणि दोनच्या सुमारास परतीला लागावे. येतानाचा प्रवास हीच त्याची दुपारची झोप. पुण्यापर्यंत मधे चहासाठी थांबायचे असेल तर एकाने गाडीत त्याच्याजवळ बसावे. त्याला पुढच्या आसनावर मांडीत घेऊन झोपवू नये, मागे त्याच्या कार सीटमध्येच पट्टे लावून झोपवावे. संध्याकाळपर्यंत थांबण्याची फारच इच्छा असेल, तर आदल्या रात्री उद्यानालगतच्या हॉटेलात मुक्काम करणे अधिक चांगले. खर्च वाढेल, परंतु दुपारी दीड तास त्याला पलंगावर झोपवता येईल आणि संध्याकाळी तो पुन्हा हसत आत येईल. वॉटर पार्क मात्र त्याच दिवशी जोडू नका. ओले होऊन थंडी वाजलेले, भुकेलेले आणि दमलेले अडीच वर्षांचे मूल गाडीतही शांत झोपत नाही.